मोंबासा ते कैरो, व्हाया बाळापूर

मोटारसायकलवरून आफ्रिका पार करायचं ठरलं तेव्हा आम्ही तिघं होतो आणि तिघांत शहाणा एकच होता. तो मी नव्हे. वसंतरावही नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण अमरावतीत त्याचं भाषण ऐकून अजून माना डोलावणारे लोक आहेत आणि त्या माना पाहिल्या की माझं डोकं फिरतं. शहाणा होता शेषराव, अकोटच्या एका जिनातला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातला, फिटर. कापसाच्या हंगामात बिघडलेलं यंत्र मालकाची हाक पुरी व्हायच्या आत चालू करणारा माणूस. बोलणं मोजकं आणि तेही तोंडावर.

वसंतराव वकिलाचा मुलगा, स्वतः वकिलीची परीक्षा पास झालेला, पण कोर्टापेक्षा व्यासपीठावर जास्त रमणारा. साइडकारवाली मोटारसायकल त्याची. मी माळ्याचा. शहराबाहेर आमचा मळा आणि अंबादेवीच्या देवळापाशी हाराफुलांचं दुकान. माझी मोटारसायकल एका साहेबानं बदली होताना टाकून दिलेली; तिचा सांगाडा मी उचलला आणि जीव शेषरावानं घातला. त्याच वेळी आमची दोस्ती झाली.

बेत असा होता: मुंबईहून बोटीनं मोंबासा, तिथून नैरोबी, पुढे युगांडा, मग सुदानातून नाईलच्या कडेकडेनं कैरो. बोट माघात. पुढे पाऊस लागायच्या आत चिखलाचा मुलूख मागे टाकायचा, हा सगळा हिशोब शेषरावानं शाळेच्या नकाशावर बोट ठेवून केला होता. माझी माय म्हणाली, "काहून रे, चिखल पाह्याले आफ्रिकेत कायले जातं? आपल्या वावरात काय कमी हाय?" मला तेव्हा हसू आलं होतं.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात असा बेत असेल तर पासपोर्टापासून सावध राहा. अर्जात 'आपण कुणाची प्रजा' असा रकाना असतो. आम्ही तिघांनी बेधडक ब्रिटिश सरकारची म्हणून लिहिलं आणि तिन्ही अर्ज परत आले. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, कारभार मध्यप्रांताचा, हुकूम इंग्रजाचा, आणि शेतसारा भरताना मात्र कुणी विचारत नाही की बाबा तू नेमका कुणाचा. कचेरीतला कारकून मला म्हणाला, "अहो, तुम्ही जन्मलात ती जागाच जरा अडचणीची आहे." मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही. दोन महिने खेटे घालून पासपोर्ट मिळाले.

या सगळ्यात एक गोष्ट विसरू नका. मी परत आलो असतो तर मळा होता. वसंतराव परत आला असता तर बापाची वकिली होती. शेषरावानं हंगामाच्या तोंडावर नोकरी सोडली होती आणि मालकानं स्पष्ट सांगितलं होतं, तुझी जागा राखणार नाही. "कैरोले पोचलो की कोनत्याबी देशातलं इंजिन मले ओळखू येईन," तो म्हणायचा. "मंग जिनवाला कोन अन् मी कोन." हे एकच स्वप्न त्याच्याकडे होतं आणि त्यासाठी त्यानं हातातलं सगळं सोडलं होतं.

आणि इकडे वसंतराव सत्कार घेत होता.

बाहेरच्या माणसाला वाटेल, काही करून दाखवलं की सत्कार होतो. आमच्याकडे करण्याआधी होतो. गावातली मंडळी शाल, नारळ, हार घेऊन तयारच असतात, त्यांना फक्त गळा लागतो. वाचनालयानं केला, तालमीनं केला, वकील मंडळींनी केला. नट आवळायच्या आधी आमचे अकरा सत्कार झाले. प्रत्येक ठिकाणी वसंतराव सिंह, गेंडे आणि वाळवंट यांच्यावर पाऊण तास बोलायचा, जणू कालच तिकडून आला आहे. शेषराव पहिल्या दोन सत्कारांना आला, मग यायचा बंद झाला. "मले आफ्रिका पाह्याची हाय," तो म्हणाला, "फोटो नाई काहाडाचा."

पौषात शेषरावानं हट्टच धरला की बोटीआधी एकदा पुरा बोजा लादून चार दिवस गाड्या चालवायच्या. मार्ग ठरला: अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. दुसऱ्या दिवशी बाळापूर करून परत. मग अकोट, आणि अंजनगाव-एलिचपुरावरून घरी. पक्की सडक, कच्ची सडक, काळी माती आणि खारं पाणी, सगळं चार दिवसांत भेटतं. कुणाला गाडी तपासायची असेल तर हा मार्ग मी आजही सांगेन. पेट्रोल मोठ्या गावांत मिळतं, गॅलनला सव्वा-दीड रुपया पडतो, पण डबा उघडून वास घेतल्याशिवाय घेऊ नका. रॉकेल मिसळून देणारे महाभाग आहेत. आम्ही पाण्याचे दोन डबे, पेट्रोलचे चार, तंबू, हत्यारं, तांदूळ, हिवतापावरचं कोयनेल, सगळं तोलून बांधलं. साइडकारची गाडी शेषराव चालवणार, मी माझ्या गाडीवर मागे, आणि वसंतराव साइडकारमध्ये, सामानाच्या जोडीला.

सकाळी निघालो. थंडी होती, हरभरा फुलावर होता आणि मी खुशीत होतो. ती खुशी बडनेऱ्यापर्यंत टिकली. तिथे रस्त्यात वीस-पंचवीस माणसं ताशा घेऊन उभी! वसंतरावानं आम्हाला न सांगता वाटेतल्या प्रत्येक गावाला पत्र धाडलं होतं.

मी गाडी आडवी घालून विचारलं, "ही चाचणी आहे की वरात?"

"अरे नारायणा, लोकांचा उत्साह आहे," तो म्हणाला. "त्यांना काय नाही म्हणायचं?"

शेषराव इंजिन बंद न करता बसून राहिला. "आटपा," एवढंच म्हणाला.

मूर्तिजापूरला पुन्हा तेच. भाषण, नारळ, फोटो. जेवण मात्र उत्तम होतं, हे कबूल करतो: गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे, तुपात बुडवलेले, आणि वांग्याची झणझणीत भाजी. पण त्यापायी तीन तास गेले. पुढे रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरलेला. गाडीवान झोपेत, बैल आपल्या मनानं मधोमध चाललेले. हॉर्न वाजवला तर बैल बुजतात, न वाजवला तर धूळ खायची. धूळ खा, असं माझं सांगणं. बुजलेल्या बैलानं माझं मडगार्ड चेपलं आणि वर मला गाडीवानाच्या शिव्या खाव्या लागल्या त्या वेगळ्याच.

या धावपळीत निघताना गाड्यांना घातलेले आमच्या दुकानातले हार तुटून गेले. ते तुटणारच होते. झेंडूचा हार आम्ही केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीच्या धाग्यात, ओवतो. सोपट भिजवून घेतलं की मऊ राहतं, फुलाला कापत नाही आणि झटका बसला की तुटतं. तुटलंच पाहिजे. पोळ्याला बैलाच्या शिंगात हार घालतात. तो कुठे अडकला तर बैलाच्या मानेआधी हार तुटावा म्हणून. हे मला बापानं शिकवलं तेव्हा माझी उंची टोपलीएवढी होती.

दिवेलागणीला अकोल्यात पोचलो. उतरलो वसंतरावाच्या एका नातेवाइकाकडे. वसंतरावाचं पान आत मांडलं, आमची दोघांची ओसरीवर. मला त्या घरातला घास गोड लागला नाही. जेवण झाल्यावर पाच-सहा माणसं जमली आणि वसंतराव त्यांना हसत हसत सांगू लागला, "आमच्या नारायणाचं दुकान अंबादेवीपाशी, पण त्याचे हार मूर्तिजापूर ओलांडत नाहीत. आफ्रिकेपर्यंत आम्हाला कागदाची फुलंच न्यावी लागणार!" सगळे हसले. ओसरीवर बसवलेला माणूस वर हसायलाही कामी आला.

माझा राग कसा आहे ते माझी माय सांगू शकेल. मी त्या वेळी उलट बोललो असतो तर बरं झालं असतं. मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाजारात गेलो. ओळखीच्या माळ्याकडून दोन टोपल्या झेंडू घेतला आणि दोरवाल्याकडून अंबाडीची सुतळी. ती सुतळी मी दुहेरी केली, पीळ दिला आणि मोठ्या दाभणानं गच्च हार ओवला, मनगटाएवढा जाड, माणसाच्या उंचीचा. बोटं सोलून निघाली. प्रत्येक फुलागणिक मनात म्हणत होतो, आता तोडून दाखव.

शेषराव प्लग साफ करत होता. त्यानं वर पाहिलं. "हार हाय का दावं?"

"तुटला नाही पाहिजे," मी म्हणालो.

"बैल बांधाचा हाय काय?"

मी पुढचं फूल ओवलं. तो पुन्हा प्लगकडे वळला.

अकोला ते बाळापूर रस्ता चांगला आहे, सोळा-एक मैल, खडी बसलेली. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर किल्ला, दुरूनच दिसतो. जवळची छत्री जरूर पाहा. एवढं सुबक दगडी काम आपल्या भागात आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला ती नीट पाहता आली नाही, कारण किल्ल्याखाली मांडव घातला होता. तिथे माझा हार वसंतरावाच्या गळ्यात पडला. भाषण संपेपर्यंत एक फूल हललं नाही. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "शाबास! याला म्हणतात हार." आणि मी, गाढव, खूश झालो.

निघताना लोकांनी तो हार त्याच्या गळ्यातून काढून गाडीच्या दिव्यावर घातला. दोन पदर हँडलवरून खाली लोंबत होते. मी ते पाहिलं. माळ्याच्या पोरानं ते पाहिलं आणि काही म्हटलं नाही, कारण हार मोठा रुबाबदार दिसत होता. वसंतराव साइडकारमध्ये उभा राहून हात जोडत होता. शेषराव ओरडला, "खाली बसा, वकीलसाहेब!" तो बसला नाही. गाव सुटलं, उतार लागला, गाडीनं वेग घेतला आणि वाऱ्यानं हाराचा एक पदर पुढच्या चाकात गेला.

सोपट असतं तर झेंडूच्या पाकळ्या उडाल्या असत्या आणि आम्ही हसलो असतो. सुतळी तुटली नाही. आऱ्यांत गुंडाळली, चाकाच्या मधल्या तुंब्याभोवती आवळली, हँडल गर्रकन फिरलं आणि गाडी रस्ता सोडून खाली गेली. वसंतराव उडून तुरीच्या वावरात पडला. धोतर फाटलं, बाकी काही नाही. शेषरावाचा उजवा हात हँडल आणि दगडाच्या मध्ये सापडला.

मी पोचलो तेव्हा तो उठून बसला होता. मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं. चेहरा पांढरा पडलेला, पण आवाज नाही. चाकाकडे पाहत होता. मीही चाकाकडे पाहिलं. बाळापूरची माणसं धावत येत होती. त्यांच्या आधी मी चाकूनं ती सुतळी कापली, आऱ्यांतून ओढली आणि खिशात कोंबली. शेषरावानं ते पाहिलं.

आणि मग मी वसंतरावावर तुटून पडलो. त्या वावरात, पन्नास माणसांसमोर. "तुझ्या सत्कारापायी याचा हात गेला! तुला आफ्रिका नकोच होती, तुला मांडव पाहिजे होता!" आणखीही पुष्कळ बोललो. ओसरीवरच्या पानाचंही बोललो. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं आणि प्रत्येक वाक्याच्या वेळी माझा हात खिशातल्या सुतळीवर होता.

वसंतराव रडायला लागला. "माझंच चुकलं," म्हणाला. लोकांनी शेषरावाला विचारलं, काय झालं भाऊ? तो म्हणाला, "खड्डा व्हता." त्या रस्त्याला तिथे खड्डा नव्हता.

अकोल्याच्या दवाखान्यात हात बसवला. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि म्हणाले, मूठ कितपत मिटेल ते नंतर कळेल. फिटरचा उजवा हात. वसंतराव चार दिवस त्याच्या खाटेपाशी बसून होता, हे मला सांगायला हवं. मी दुसऱ्या दिवशी बैलगाडीवर मोडकी मोटारसायकल घालून स्टेशन गाठलं, माझी गाडीही रेल्वेच्या डब्यात चढवली आणि घरी आलो.

पुढचे पाच आठवडे मी दुकानात बसून वसंतरावाला शिव्या दिल्या. हार घ्यायला येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, काय झालं हो आफ्रिकेचं? आणि मी सांगायचो. देवीच्या पायरीपासून स्टेशनापर्यंत सगळ्यांना सांगितलं. रंगवून नाही, जसं घडलं तसं, फक्त एक गोष्ट गाळून. ज्यांनी सत्कार केले होते तेच आता त्याच्याकडे पाहून तोंड फिरवू लागले. वसंतराव रस्ता बदलून जायला लागला. मग कळलं की तो नागपूरला वकिली करायला निघून गेला. आफ्रिकेचं नाव निघालं की मी इतका तापायचो की घरातही कुणी ते काढेना.

माघात ज्या दिवशी बोट सुटणार होती त्या दिवशी मला घरात बसवेना. मोटारसायकल काढली आणि अकोटला गेलो, दर्यापुरावरून. हा रस्ता कुणी घ्यावा असं मी म्हणणार नाही. पूर्णा उतरून गेलं की खारपाणपट्टा लागतो; विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि चहासुद्धा खारट होतो, तेव्हा पिण्याचं पाणी अमरावतीहूनच न्या. जमीन काळी, भेगाळलेली, गाडीच्या चाकोऱ्या घोट्याएवढ्या खोल. पन्नास मैलांना पुरा दिवस गेला.

शेषराव अंगणात बसला होता. प्लास्टर निघालं होतं. पुढ्यात एक जुनं इंजिन आणि तो डाव्या हातानं नट सोडवायचा प्रयत्न करत होता. पाना निसटत होता. जिनवाल्यानं त्याला परत घेतलं होतं, पण फिटर म्हणून नाही. दारावर बसून कापसाच्या गाड्या आत सोडायचं काम.

मी त्याच्यासमोर बसलो आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं. सुतळी मी घातली, मुद्दाम घातली, रागानं घातली. बापानं शिकवलेलं ठाऊक असून घातली. कापून खिशात लपवली.

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "म्या पायलं ना."

"मग तू खड्ड्याचं का सांगितलंस?"

"त्या टायमाले हात दुखून रायला व्हता, नारायण. तमाशा नोको व्हता मले."

मी म्हणालो, मला माफ कर. त्यानं पाना खाली ठेवला. त्याला मी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"मले कायले सांगतं बे? मले त पयलेच मालूम व्हतं! ज्याच्या नावानं तू पाच हप्ते बोंबललास त्याले सांगतलं काय? तो मायासंगं दवाखान्यात बसला. तू कुठी व्हता? तो बोलघेवडा हाय, मान्य हाय मले. पन त्यानं त्या वावरात खरं सांगतलं, का माहं चुकलं. तू काय सांगतलं?"

मी पाना उचलून त्याच्यापुढे धरला, तो त्यानं घेतला नाही.

"साऱ्या वऱ्हाडात सांगत फिरलास ना? मंग साऱ्या वऱ्हाडाले सांग. अन् मंग ये इकडे."

आतून त्याच्या बायकोनं चहा आणला. तो आम्ही प्यालो. संध्याकाळ व्हायच्या आत मी निघालो.

घरी आल्यावर एक महिना मी त्याच्यावरसुद्धा चिडून काढला, असा माझा स्वभाव. म्हटलं, मी तोंडानं कबूल केलं ते पुरे नाही का? मग सत्कारवाल्यांवर चिडलो, पासपोर्टाच्या कारकुनावर चिडलो, ज्यानं सुतळी विकली त्या दोरवाल्यावरही चिडलो. सगळ्यांची नावं घेऊन झाली तेव्हा उरलेलं नाव माझंच होतं आणि त्याच्यावर काढायला माझ्याकडे शिव्याही उरल्या नव्हत्या.

म्हणून हे लिहिलं. या मासिकाच्या संपादकांना आफ्रिकेचं प्रवासवर्णन पाहिजे होतं, आगाऊ जाहिरातही त्यांनी छापली होती. त्यांच्या पदरात हे अमरावती-अकोला-बाळापूर पडलं आहे. ज्यांनी माझ्या दुकानात उभं राहून वसंतरावाला नावं ठेवली, त्यांनी कृपा करून हे शेवटपर्यंत वाचावं. त्याला मी अजून भेटलेलो नाही. नागपूरचा पत्ता मिळाला आहे आणि अंक निघाला की पहिली प्रत घेऊन मीच जाणार आहे, पोस्टानं धाडणार नाही. तो दार लावून घेईल, तर तो त्याचा हक्क आहे.

तिथून मग अकोट. शेषरावाची मूठ अजून पुरती मिटत नाही.